परत न आलेलं परमिट

दादाराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यालाच फोन लावत होतो. तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळी पूर्ण रिंग वाजून फोन बंद झाला. तिसऱ्या वेळी रिंग वाजायच्या आतच गावातल्या किराणा दुकानदाराचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "गोविंदराव, हायसा तिथून निघा. दादारावला शॉक बसलाय... हालत न्हाई माणूस." मी उपकेंद्रात खुर्चीवर होतो. आमच्या भागातल्या गावांची वीज जिथून चालू-बंद होते, तिथे मी तेवीस वर्षं ऑपरेटर होतो. ऑपरेटरला खुर्ची सोडून जाता येत नाही. मी गावाची लाईन बंद केली, बदलीच्या माणसाला फोन केला, आणि तो येईपर्यंत पाऊण तास शून्यावर आलेल्या मीटरच्या काट्याकडे बघत बसून राहिलो.

गेलेल्या माणसांवर या पुरवणीत येणारे लेख मी नेमाने वाचतो. त्यातला माणूस कधी कुणावर खेकसलेला नसतो, कधी कुणाचं ऐकायचं राहिलेलं नसतं. दादाराव असा नव्हता. तो हट्टी होता, स्वतःच्या हातावर त्याचा नको इतका विश्वास होता, आणि दुसऱ्याला पैसे देऊन काम करून घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. लिहिणाराही काही धुतल्या तांदळासारखा नाही. हा लेख त्याच्या आठवणीसाठी आहे हे खरं, पण तेवढंच खरं नाही. त्या दिवशी मी त्याला पहिला फोन नेमका कधी लावला, ते मला सांगायचं आहे. ते मी पन्नास दिवस कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाने भोगली.

आम्ही तेलगावच्या अलीकडच्या एका खेड्यातले. माझं घर धनगराचं, वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. त्याचे वडील मजुरीला जायचे. दोन खणांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याखाली दादारावची पुस्तकं अशी नीट रचलेली की हात लावायची भीती वाटावी. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. सातवीत असताना त्याने सायकलच्या दिव्याचा बल्ब आणि दोन सेल तारेने जोडून वर्गात उजेड पाडला. गुरुजींनी शाबासकी द्यायची सोडून सेल कुठून आणले ते विचारलं. ते माझ्या वडिलांच्या बॅटरीतून काढलेले होते, आणि काढून दिले होते मी. घरी मार मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी तोंड फुगवून बसलो तर हा म्हणतो, "उजेड तर पडला ना बे!" तेवढ्यावर त्याच्या लेखी हिशेब मिटला होता. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी मिटला.

पुढे तो परळीला औष्णिक केंद्रात कंत्राटी कामगार म्हणून लागला. काम राखेचं आणि कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचं. मी लाईनवर खांब चढता चढता ऑपरेटर झालो. शनिवारी तो जीपने गावी यायचा. अंघोळ करून आलेला असला तरी कानाच्या पाळीमागे राख असायचीच. "आमी लाईट तयार करतो, तुमी नुसती वाटता," असं तो मला चारचौघांत ऐकवायचा. मी म्हणायचो, तू राख उचलतोस, गप. यावर तो मनापासून हसायचा. पण एका गोष्टीबद्दल बोलताना तो कधीच हसला नाही. ती म्हणजे परमिट. तिथे चालत्या पट्ट्यावर दुरुस्तीला माणूस जाण्याआधी कागद निघायचा. स्विच बंद व्हायचा, त्यावर काम करणाऱ्याच्या नावाची पाटी लागायची, आणि त्या माणसाने स्वतः 'काम झालं' म्हणून कागद परत केल्याशिवाय तो स्विच कुणी चालू करू शकत नसे. "माज्या सहीबिगर पट्टा हालत न्हाई बे," तो सांगायचा. "मोठा सायब येऊ दे न्हाई तर आनिक कुनी. माजं नाव तिथं लटकलंय तवर मशीन गप." जन्मभर ज्याला 'ए' म्हणून हाक मारली गेली, त्याच्या नावाच्या पाटीपुढे एवढं मोठं यंत्र थांबतं, ही गोष्ट त्याच्यासाठी काय असेल हे मला तेव्हा कळत होतं. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

कंत्राट संपल्यावर तो गावी आला आणि जुन्या घराच्या जागी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. गवंडी बाहेरचा होता, वायरिंग मात्र याने स्वतः केली. नियम काय आहे हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मीटरच्या अलीकडे, खांबाकडच्या बाजूला, घरमालकाने हातच लावायचा नाही. घरातलं काम लायसन असलेल्या वायरमनने करायचं आणि त्यानेच तपासून सही द्यायची. मेन स्विच बदलायचा तर आधी आमच्याकडे अर्ज यायला हवा, लाईनमनने येऊन त्या घराचा खांबावरचा फ्यूज काढायला हवा, आणि काम संपेपर्यंत तो फ्यूज त्याच्याजवळच राहायला हवा. हे सगळं आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. मी रोज त्याच्याखाली बसून डबा खायचो. पण गावात ज्याच्या खिशात टेस्टर तो वायरमन. दादारावने कुणाची तरी सही मिळवली, मीटर बसलं, आणि मी गृहप्रवेशाला जाऊन खीर खाऊन आलो. वायरिंग बघायला सुद्धा गेलो नाही. मित्राच्या घरी जेवायला जायचं आणि त्याचे बोर्ड उघडून बघायचे, हे मला बरं दिसलं नाही.

त्याच्या वायरिंगच्या कथा पुष्कळ. पंख्याचं बटण दाबलं की देवळातल्यासारखा दोन्ही खोल्यांत एकदम उजेड पडायचा. शकुंतलावहिनी, त्याची बायको, माझ्याकडे तक्रार करायच्या. "भाऊजी, यांना सांगा की वो. मिक्सर लावला का टीवी बंद पडतो. फ्रिजला हात लावायचा तर आधी चप्पल घालावी लागतीय." यावर दादाराव मला बाजूला घेऊन गंभीरपणे समजवायचा, "ते अर्थिंगचं हाय. उन्हाळा हाय ना, जमीन वाळलीय. मी संध्याकाळी दोन बादल्या पानी घालतो खड्ड्यात." आणि खरंच घालायचा. मी त्याला म्हणालो की पाणी घालून अर्थिंग होत नाही, सगळं उकरून नीट करून घे, केजला चांगला लायसनवाला आहे. तो म्हणाला, "तो येऊन काय करंल? मी करतो तेच करंल, वर माजा च्या पिऊन जाईल."

परमिटचा खेळ सुरू झाला तो याच घरात. एकदा दुपारी दुरुस्तीसाठी गावाची लाईट बंद होती. त्याचा फोन आला, "किती वेळ हाय रं अजून? पंखा उतरवायचाय." मी म्हणालो, तासभर आहे. तेव्हा तो थट्टेने म्हणाला, "मग परमिट देता का सायब?" मीही साहेबी आवाज काढला. "दिलं. कामावर माणसं किती?" "एक." "नाव?" "दादाराव." "काम झाल्यावर परमिट परत करा." अर्ध्या तासाने पुन्हा फोन, "परमिट परत, सायब. माणूस खाली उतरला." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढे ती रीतच पडली. लाईट बंद असली की तो काहीतरी काढायचा, माझ्याकडे परमिट मागायचा, मी द्यायचो, तो परत करायचा. कित्येक वर्षं. बाहेरच्या माणसाला ही दोन म्हाताऱ्यांची पोरकटगिरी वाटली असती, आणि ती होतीही.

पण मला ते आवडायचं, हे मी कबूल करतो. माझ्या घरात माझी परवानगी कुणी कधी मागितली नाही, नोकरीत मी सगळ्यांत खालच्या खुर्चीवर. दादाराव 'सायब' म्हणाला की थट्टेतलं असलं तरी मला बरं वाटायचं. तो लाईट गेली एवढ्या भरवशावर उघड्या तारेला हात घालतो, घरातला मेन पाडत नाही, हे मला माहीत होतं. मी त्याला विचारलंही होतं, मेन पाडायला काय होतं रे तुला? तो म्हणाला, "माजा मेन तिथं खुर्चीवर बसलाय की." मी हसलो. त्याला 'नाही, असं चालणार नाही' म्हणणं हे माझं काम होतं, आणि त्या वेळी मी हसलो. त्या हसण्याचा मला आज फार राग येतो.

पुढे त्याचा मेन स्विच आतून जळाला. दांडा खाली यायचा, पण आतली जोडणी चिकटूनच राहायची; म्हणजे बंद केला तरी चालूच. शेवटची भेट तेलगावच्या बाजारात झाली. त्याने पिशवीतून खोकं काढून नवा स्विच दाखवला, लेकीसाठी साडी घेतल्यासारखा उलटापालटा करून. मी म्हणालो, "दादाराव, हे पंख्यासारखं न्हाई. खांबावरून येणारी जिती तार हाय ती. अर्ज दे, लाईनमन धाडतो, केजहून लायसनवाला बोलव." तो म्हणाला, "एका खटक्यासाठी केजहून मानूस? पोरगा मिलिंद फोनवर तेच म्हनतो, वहिनी तुमची तेच म्हनती, आता तू पन!" मग जरा थांबून, "गुरवारी तुमचं शटडाऊन हाय ना? दिवसभर?" मी म्हणालो, हो, दहा ते चार, तारांना लागलेल्या फांद्या तोडायच्यात. त्याने हात पुढे केला. "मग दे परमिट." माझ्या हातात भाजीची पिशवी होती, ऊन डोक्यावर आलेलं, मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "दिलं." आमची शेवटची समोरासमोरची भेट ती.

गुरुवारी साडेदहाला त्याचा फोन आला. "काम चालू करू का सायब?" मी म्हणालो, "करा. चारपर्यंत निवांत." हे माझे त्याच्याशी शेवटचे शब्द.

त्या दिवशी लाईनमननी काम झपाट्याने उरकलं. दोन वाजता तिघंही उपकेंद्रावर परत आले, घामाने निथळत. मी सगळं नियमाने केलं. तिघांची परमिटं कागदावर परत घेतली, तिघांच्या सह्या घेतल्या, तिघांना डोळ्यांनी मोजलं, लाईनवर अवजार राहिलं नाही ना विचारलं. इकडे फोनवर फोन. पिठाच्या गिरणीवाला, पाण्याच्या टाकीवाला, कुणाच्या घरी आजारी माणूस. 'काम झालं म्हणतात, मग सोडत का नाही?' दोन वाजून दहा मिनिटांनी मी गावाची लाईन चालू केली. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली, हात धुतले आणि डबा उघडला. पहिला घास तोंडाशी नेला आणि... चौथं परमिट परत आलेलं नाही, हे तेव्हा आठवलं.

मी फोन उचलला. दोन वाजून तेरा मिनिटं झाली होती. इथे आणखी एक गोष्ट आहे, ती जाणकाराला वाचताक्षणी कळेल. मी आधी लाईन पाडायला हवी होती, फोन नंतर. हात पुरेल इतक्या अंतरावर बटण होतं. पण लाईन पाडली की रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना भरावा लागतो, आणि त्यात मी काय लिहिणार होतो? मित्राला तोंडी परमिट दिलं होतं म्हणून? एवढा विचार माझ्या डोक्यात आला, तेवढ्यात मी नंबर लावला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, तो तारेला लागला त्याच क्षणी गेला असणार. म्हणजे मी तेव्हाच लाईन पाडली असती तरी काही बदललं नसतं. पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं ना.

चौकशी झाली. वरचे साहेब आले, रजिस्टर पाहिलं, माझं रजिस्टर नेहमीप्रमाणे चोख होतं. घरमालकाने परवानगीशिवाय स्वतः काम केलं, असं कागदावर आलं. ते खोटं नाही. कागदावर मी स्वच्छ आहे. साडेदहाच्या फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी बसलो होतो. बायकांच्या गराड्यातून उठून वहिनी माझ्यासमोर आल्या. डोळे कोरडे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा फोन आलता." त्या सांगत राहिल्या. त्या वेळी त्या वर स्लॅबवर कुरडया घालत होत्या. वर ना पंखा ना बल्ब, त्यामुळे लाईट आली कधी हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. खाली खुंटीवर टांगलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला तो मात्र ऐकू आला. "हात चिकानं भरल्यालं. म्हनलं खालीच हायेत की, उचलतील. मंग परत वाजला. तवा बी मी साचा सोडला न्हाई... पातेल्यातला समदा चीक घालून मंगच खाली आले. तुमी लाईट सोडायलोय म्हून सांगायला फोन केलता, आन मी कुरडया घालीत बसले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती वेळ होती बोलायची. चार शब्द पुरले असते. माझी मान खाली गेली, आणि भोवतालच्या बायका ती दुःखाने गेली असं धरून चालल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर हद्द झाली. भन्तेजींचं वंदन झाल्यावर दोन-चार जण बोलायला उभे राहिले. त्यातल्या एका शिक्षकाने सांगितलं की मित्र असावा तर असा, शेवटच्या क्षणापर्यंत सावध करायला धडपडला. त्याच्या मुलाने, पुण्याहून आलेल्या मिलिंदने, माझे दोन्ही हात हातात घेतले. "काका, तुम्ही प्रयत्न केलात." मी त्या मुलाला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलेलं आहे. मी त्याच्या डोळ्यांत बघून मान डोलावली. माणूस किती खाली जाऊ शकतो हे मला त्या मांडवात कळलं.

महिनाअखेर मी निवृत्त झालो. शाल, नारळ, चार शब्द. घरी रिकामा बसलो की खेड्यात एवढंच काम उरतं, इकडचं तिकडचं ऐकणं. आणि मिलिंदची बायको सासूजवळ राहिली होती, तिच्याकडून जे ऐकायला मिळालं त्याने माझी झोप गेली. वहिनींनी घरात वीज परत जोडू दिली नव्हती. भिंतीवर उघड्या तारा टेप गुंडाळून तशाच, आणि चार्जिंगचा दिवा शेजारून भरून आणायचा. शर्ट खुंटीवर तसाच. कुणाचाही फोन वाजला, शेजारच्या घरात का असेना, की हातातलं टाकून त्या धावत सुटायच्या. एकदा पोळीचा तवा पायावर पडला. आणि येईल त्या पाहुण्याला, विचारो न विचारो, एकच सांगायच्या, "फोन वाजलता. मी उचलला न्हाई." एवढ्या दिवसांत एकदाही रडल्या नव्हत्या. "काका, आईंना तुम्ही तरी समजवा," सून म्हणाली. "तुमचं ऐकतील."

मी तीन वेळा निघालो आणि तीन वेळा पारापासून परत आलो. चौथ्या वेळी सकाळीच गेलो, कुणी भेटायच्या आत. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो. "वहिनी, लाईट मी दोन वाजून दहा मिनिटांनी सोडली. फोन दोन वाजून तेरा मिनिटांनी केला. लाईट सोडल्यावर केला, आधी न्हाई. त्याला परमिट मीच दिलं होतं. लाईट सोडताना मी त्याला विसरलो."

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "म्हंजी फोन वाजला तवा..."

"तवा तो गेलता, वहिनी."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. वेळेसकट.

"अजून एकडाव."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. मी खिशातून फोन काढून त्यातली वेळ दाखवायला गेलो, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "मी उचलला असता तरी..." "तरी काई झालं नसतं." त्यांनी मांडीवरची मेथी काडी काडी करून परातीत ठेवली. मग विचारलं, "त्या दिशी कावून बोलला न्हाईत? मी समोर बसून सांगत व्हते तवा?" मी म्हणालो, "भ्यालो." त्या म्हणाल्या, "मी पन्नास दिस त्यांला मारलं भाऊजी... रोज मारलं." आणि मग, आवाज न चढवता, "तुमी जावा आता."

मी फाटकाबाहेर पडलो आणि मागून रडणं ऐकू आलं. मोठ्याने, तोंड उघडून, गावाला ऐकू जाईल असं. आजूबाजूच्या बायका धावत आल्या, माझ्या अंगावरून आत गेल्या, कुणी मला काही विचारलं नाही. मी कडुलिंबाखाली किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. परत आत जायला मला तोंड नव्हतं. संध्याकाळी मिलिंदला पुण्याला फोन करून तेच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेऊन फोन ठेवला, आणि त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी धरून चाललो होतो की ते घर आता संपलं. पण दहाएक दिवसांनी सुनेचा फोन आला. "आईंनी निरोप दिलाय. लाईट जोडून घ्यायचीय. अर्ज केलाय, केजहून लायसनवाला सांगितलाय, उद्या लाईनमन येणारय. तुम्ही यायचं." मी म्हणालो, "मी कशाला? माझी नोकरी संपली." पलीकडून वहिनींचा आवाज आला, फोन सुनेच्याच हातात असावा, लांबून बोलल्यासारखा: "त्यांना म्हनावं, फोनवर न्हाई. हितं."

मी गेलो. मला कुणी 'या' म्हटलं नाही, पण एक खुर्ची मांडून ठेवली होती, उघड्या तारांच्या भिंतीसमोर. लाईनमन खांबावर चढला, घराचा फ्यूज काढला आणि खाली येऊन स्वतःच्या खिशात घालू लागला. हाताच्या पंजाएवढा, पांढरा, चिनी मातीचा. वहिनींनी त्याच्यापुढे हात पसरला. तो जरा घोटाळला, माझ्याकडे पाहिलं, आणि दिला. त्यांनी तो आणून माझ्या हातात ठेवला. त्या माझ्याशी एवढंच बोलल्या, "काम व्हईस्तवर धरून बसा."

काम दीड तास चाललं. केजचा वायरमन तिशीतला, कमी बोलणारा; त्याने आधी टेस्टर लावून बघितलं, तार मेली आहे याची स्वतः खात्री केली, मगच हात घातला. जुना जळका स्विच काढून त्याने बाजूला ठेवला. दादारावने तेलगावहून आणलेला नवा अजून खोक्यातच होता, तोच बसवला. पाण्याच्या भरवशावर असलेलं अर्थिंग उकरून नवीन केलं. मधे माझा फोन वाजला, मी घेतला नाही. तहान लागली, उठलो नाही. दुसऱ्या खोलीतून वहिनी दर थोड्या वेळाने दारात येऊन माझ्या हाताकडे बघून जात होत्या.

काम झाल्यावर वायरमनने हात पुसले आणि म्हणाला, "द्या काका, जोडून टाकू." मी मूठ उघडली नाही. त्याने पुन्हा मागितला. मी वहिनींकडे पाहिलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी वायरमनला भिंतीपासून लांब उभं केलं. लाईनमन अंगणात होता, सून ओट्यावर. त्यांनी बोट करून एकेकाला मोजलं, आत जाऊन दोन्ही खोल्या बघून आल्या, जिन्यावरून वर स्लॅबवर जाऊन आल्या, पुन्हा मोजलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "समदे हायेत. आता द्या."